पाणपोईचं तिकीट

पोरांनो, दार लोटून घ्या, गार वारं येतंय. ही गोष्ट आपल्या मागच्या गल्लीतल्या रामहरीची. त्यानं माझ्यापुढं बसून सांगितली, अन् रामहरीला खोटं बोलायला जमत नाय हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गेल्या भोगीची रात. रामहरी शहर बसवर कंडक्टर. त्याची माय, पुतळाबाई, देवगाव रंगारीहून एकटीच येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एसटी उशिरा निघाली अन् रामहरीला लागली शेवटची फेरी. त्यानं फोनवर सांगितलं, "माय, स्टँडवरून शहर बस धर. कंडक्टरला म्हण, क्रांती चौकात उतरव. तो सांगंल."

"मला पाटी वाचता येत नाय, त्यात डोळं हे असं."

"तो सांगंल म्हणलं ना."

म्हणला खरा, पण जीभ अडखळली. हाच शब्द त्यानं आधी एका बाईला दिला होता.

वैशाखात एक म्हातारी हातात डबा घेऊन त्याच्या बसमध्ये चढली. नाव मनकर्णाबाई, ते त्याला मागाहून कळलं. "बाबा, वाचता येत नाय मला. पाणपोईचा थांबा आला की सांग."

"सांगतो आजी, बसा निवांत."

तिकीट दिलं. बस खच्चून भरलेली. दारात लोंबकळणाऱ्यांना आत घेता घेता तो विसरला. म्हातारी शेवटच्या थांब्यावर उतरली, कुणाला काही बोलली नाय, अंधारात मागच्या वाटेनं चालत निघाली. वाटेत ट्रकनं उडवलं. रामहरी मयतीला गेला, लांब उभा राहिला. तिच्या मुठीत तिकीट होतं. मूठ उघडेना, तशीच सरणावर ठेवली.

पुढं रस्ता रुंद झाला. पाणपोई पाडली, थांबा बंद झाला, तिकिटाच्या मशीनमधूनही नाव गेलं. रामहरीला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

तर भोगीची रात, नऊ वाजून दहा मिनिटं. बस रिकामी. मायचा फोन बंद.

ड्रायव्हर अप्पाराव म्हणाला, "तोंड का उतरलंय रे? भाकरी नाय मिळाली व्हय भोगीची?"

"मायचा फोन लागत नाय, अप्पा. तिला कुणी नाय उतरवलं तर..."

"लागंल. माझी म्हातारी तर फोन पिठाच्या डब्यात ठेवायची. वाजला की सून घाबरायची."

रामहरी हसला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा... आली का पाणपोई?"

हसू तिथंच राहिलं.

टण्. एकच घंटी. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अप्पारावानं ब्रेक दाबला.

"कोण उतरतंय? इथं थांबा नाय आता."

रामहरीचे दोन्ही हात मांडीवर होते. घंटीची दोरी हाताच्या टप्प्यात नव्हती.

अप्पारावानं आरशात पाहिलं. मग पाहिलं नाय. दार उघडलं.

बाहेर अंधार...

रामहरीची मान वर होईना. डोळ्यापुढं मायचं तोंड.

"आजी," तो म्हणाला, "पाणपोई आली... उतरा."



मग पायरी करकरली. एकदा... पुन्हा एकदा.

शेवटी रामहरीनं उठून दोन घंट्या दिल्या.

साडेदहाला तो पळतच घरी आला. माय ओट्यावर बसलेली, पिशवी मांडीवर.

"कंडक्टरनं उतरवलं का गं माय?"

"कशाचं! तो मोबाइलात. साडेनवाला बसले, डोळा लागला, तर शेजारच्या बाईनं उठवलं. म्हणली, ऊठ बाई, तुझा चौक आला. मी म्हणलं, वाचता येतं व्हय तुम्हाला? म्हणली, नाय. पण या रस्त्यानं लई फेऱ्या झाल्या माझ्या."

"कोण होती?"

"म्हातारी. डबा होता हातात. अन् हे दिलं. म्हणली, तुझ्या लेकाला दे, मला आता लागायचं नाय."

मायनं मूठ उघडली. तिकीट. वर पाणपोईचं नाव, तारीख वैशाखातली, खाली रामहरीचा कंडक्टरचा नंबर.

मी ते हातात घेऊन पाहिलंय. मला अक्षर येत नाय, त्यानंच बोट ठेवून दाखवलं. मशीनचं तिकीट चार आठवड्यांत पुसट होतं, कोरा कागद उरतो. हे अजून काळंभोर आहे. अन् एका कडेला जळालंय.