चार माणसांचं वजन

फिचा या दोनच दारांच्या गाडीची चाकं सरळ आहेत की नाहीत, हे ती रिकामी असताना बघायचं नसतं. कारखान्याच्या जुन्या पुस्तकात तसं छापलेलंच आहे: आत चार माणसं बसवा, मग माप घ्या. क्रागुयेवाट्स या कारखान्याच्या गावात ज्यानं कुणी या चिमुकल्या गाड्यांपायी हात काळे केले, त्याला हे पाठ असतं. ग्वोझ्देनचा बाप मापाच्या वेळी शेजाऱ्यांना हाका मारायचा. दोघं पुढे, एक मागे डावीकडे, आणि मागे उजवीकडे ठरलेली पेर्सिदा, ग्वोझ्देनची आई. ती मांडीवर शेंगा घेऊन तासभर निवडत बसायची. "माझ्याइतकं खात्रीचं वजन अख्ख्या गल्लीत नाही," असं स्वतःच म्हणायची.

बाप गेल्यावर गॅरेज ग्वोझ्देनकडे आलं. त्यानं माणसांच्या जागी वाळूच्या चार गोण्या आणल्या, प्रत्येकी सत्तर किलोच्या. गोण्या गप्पा मारत नाहीत आणि काम झाल्यावर रकियाचा घोटही मागत नाहीत.

जूनच्या सुरुवातीला त्यानं बापाची फिचा खाली बसवली. जुन्या गाड्यांच्या क्लबची मिरवणूक तोंडावर आली होती आणि हौसेनं सगळ्यांनी आपापल्या गाड्या जमिनीलगत आणल्या होत्या. पुढच्या कमानपाट्याची कमान त्यानं उतरवून घेतली, मागे आखूड, कडक स्प्रिंगा घातल्या, चारही शॉकअप नवे टाकले. शुक्रवारी संध्याकाळी गाडी चार बोटं खाली आली आणि ग्वोझ्देनची छाती चार बोटं फुगली.

दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार होता, आपल्या माणसांच्या कबरींवर जायचा दिवस, आणि त्या दिवशी आई वारली. कबरस्तानाच्या चढावर, दुसऱ्या वळणावरच्या अक्रोडाखालच्या बाकावर फुलवालीला ती बसलेली सापडली. मांडीवर पिशवी, पिशवीत उकडलेला गहू आणि मेणबत्त्या. बापाच्या कबरीपर्यंत ती पोचलीच नव्हती.

"मला न सांगताच चालत गेली गं," असं त्यानं व्हिएन्नाच्या बहिणीला, रोसांदाला, फोनवर सांगितलं. ते खोटं होतं.

दहाएक दिवसांनी मिलुतिन गॅरेजात आला. क्लबमधला त्याचा जिवलग, गाडीत पुढची जागा कायम याची. त्यानं वाकून पाहिलं.

"काय रे, मागे लोखंड भरलंयस की काय? उजवीकडून बसलीय बघ."

"नवी स्प्रिंग दबली असेल."

"एकटी उजवीच कशी दबेल?"

ग्वोझ्देननं टेप लावली. मागचं उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा तीन बोटं खाली होतं. त्यानं स्प्रिंगा काढल्या, शेजारी शेजारी उभ्या केल्या. दोन्ही सारख्या. मग डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे घातली. गाडी जॅकवरून उतरवली तेव्हा क्षणभर सरळ उभी राहिली. मग उजवी बाजू खाली गेली, एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. आधी थोडी. मग थांबली. मग उरलेली. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस असंच बसतं.

आत कुणी नव्हतं. त्यानं मागची गादी उचलून पाहिली, फरशी पाहिली, स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मग बापाच्या जुन्या स्प्रिंगा परत चढवल्या आणि पाट्याला पुन्हा कमान आणली. गाडी उंच झाली आणि उजवीकडे कललेलीच राहिली.

शेवटी चाकांचं माप घेऊ म्हणून त्यानं गोण्या भरायला घेतल्या. दोन पुढे ठेवल्या, एक मागे डावीकडे. चौथी आणण्याआधी सहज दोरी लावून पाहिली, तर चाकं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम सरळ होती. चौथी गोणी भिंतीशी तशीच पडून होती. त्यानं हात पुसले आणि बाहेर उन्हात जाऊन बसला. नंतर त्या मागच्या जागेवर त्यानं पाना ठेवायचंसुद्धा सोडून दिलं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला रोसांदा आली. अंगभर काळे कपडे, हातात गव्हाचा डबा. ग्वोझ्देनची दाढी चाळीस दिवसांची झाली होती, तोंड लपवायला ती बरी होती.

"गाडी तिरकी का रे?" पुढे बसता बसता तिनं विचारलं.

"जुनी झालीय, ताई."

चढ लागला. दुसऱ्या वळणावर अक्रोडाखाली बाक रिकामं होतं. त्यानं तिकडे पाहिलं नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी गाडी थांबवली, रोसांदा उतरली, आणि त्याच्याही नकळत त्यानं पुढची सीट दुमडून मागच्या माणसाला वाट करून दिली.

रोसांदा बघत राहिली. "कोण उतरायचंय?"

ग्वोझ्देनला तिच्याकडे बघवेना. "त्या दिवशी ती मला न सांगता गेली नव्हती, ताई. गॅरेजच्या दारात आली होती. पिशवी घेऊन. म्हणाली, कबरस्तानापर्यंत सोड रे. क्लबची पोरं बसली होती. मी म्हटलं, आई, गाडी खाली बसवलीय, त्या चढावर पोट घासेल. आणि तू मागे बसलीस तर गाडी उठायचीच नाही. सगळे हसले."

"आणि ती?"

"तीही हसली."

सीट दुमडलेलीच होती. गाडी तसूभरही हलली नाही. बोलून टाकलं की सुटू, असं त्याला वाटलं होतं. पण त्यानं अर्धंच सांगितलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. जनाची नाही तरी मनाची असतेच.

"अजून आहे," तो म्हणाला. "अर्ध्या तासानं आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. मी आणि मिलुतिन. याच रस्त्यानं. चढ लागला आणि पोट कुठेच घासलं नाही."

रोसांदानं डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"ती बाकावर बसली होती. मला बघून हात वर केला."

"मग?"

"मला वाटलं, टाटा करतेय." त्यानं सीटची कड धरली. "नाही. तसं वाटलं नव्हतं. मिलुतिनसमोर थांबायची लाज वाटली. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेलो."

मागे स्प्रिंग कुरकुरली. उजवी बाजू हळूहळू वर आली. आधी थोडी, मग थांबून उरलेली. गाडी सरळ उभी राहिली.

रोसांदानं ते पाहिलं. डबा छातीशी धरला आणि वळून कबरीकडे चालू लागली. ती मधली वाट कुणासाठी तरी मोकळी सोडून कडेनं चालत होती.

विधी झाला. पाद्री गेल्यावर रोसांदा म्हणाली, "मी चालत जाते. तू जा."

तो एकटाच निघाला. गाडी हलकी चालत होती. दुसऱ्या वळणावर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

बाक रिकामं होतं.

त्यानं आतूनच वाकून उजवीकडचं दार उघडलं. पुढची सीट दुमडली, नेहमीसारखी, मागे जायला वाट करून. मग समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थांबला. लाजेनं त्याचे कान तापले होते.

मागे काहीच हललं नाही.

मग दुमडलेली सीट सावकाश मागे उलगडली आणि जागेवर बसली. खिटी अडकल्याचा आवाज आला.

मिलुतिनची जागा थोडी दबली. थांबली. मग आणखी दबली.

दार उघडंच होतं. आईच्या मांडीवर पिशवी असायची, त्यामुळे दार लावायचं काम नेहमी त्याचंच होतं.