मशीन न वाचणाऱ्या ओळी

त्या सकाळी आमच्या चष्म्याच्या दुकानात एवढी माणसं शिरली, की आत्याला वाटलं शेजारी कुठेतरी आग लागलीये आणि लोक आसऱ्याला आलेत. सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर एकच मेसेज — 'आपला चष्मा तयार आहे.' तयार चष्मे होते जेमतेम पाच-सहा. बाकीच्यांच्या काचा अजून कारखान्यातून यायच्या होत्या.

तो मेसेज पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मी त्या दुकानात डोळे तपासते. दुकान आत्याचं, डोळे गिऱ्हाइकांचे आणि हौस माझी. रोज एकेकाला फोन करून 'तुमचा चष्मा झालाय' सांगायचा मला कंटाळा आला, म्हणून घरच्या घरी प्रोग्रामिंग शिकायला लागले, आणि अर्धंमुर्धं येताच आत्याला म्हटलं, आता बघ गंमत. ती गंमत त्या दिवशी सगळ्यांनी बघितली.

आत्याने लोकांना बसवलं, पाणी दिलं, माफी मागितली आणि मला हाताला धरून तपासणीच्या खोलीत नेलं. हे निस्तर, नाहीतर उद्यापासून परत फोन घेऊन बस, असं तिने बजावलं.

शिकाऊ प्रोग्रामरांच्या एका फोरमवर मी 'कोरी पाटी' या नावाने खातं काढून ठेवलं होतं. घाईघाईने मी स्क्रीनचा फोटो काढला — तिरका, अर्ध्या भागावर दिव्याची चमक, कोपऱ्यात माझा अंगठा — आणि खाली लिहिलं: 'चालत नाहीये. अर्जंट आहे. प्लीज कोणीतरी सांगा.'

थोड्या वेळाने 'कासव' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं.

"अंगठा छान आहे. कोड दिसत नाही."

इथे मला मेलीला घाम फुटलाय आणि याला विनोद सुचतोय. त्यापाठोपाठ आणखी एक उत्तर आलं. फोटो नको, कोडचा मजकूर जसाच्या तसा चिकटवा. काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं, तेही लिहा. मी रागारागाने टाइप करायला लागले, की एवढं सगळं माहीत असतं तर मी विचारलं असतं कशाला? तेवढ्यात तपासणीच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नीट दिसत नाही हो."

"जवळचं की लांबचं?" मी सवयीने विचारलं. "एका डोळ्याने की दोन्ही? कधीपासून? आधी कुठला नंबर होता?"

आणि मी थांबले. नुसत्या 'दिसत नाही'वर मी तरी कुणाला काच देते का? मी टाइप केलेलं सगळं पुसलं, कोड चिकटवला आणि नीट लिहिलं: ज्यांच्या चष्म्याची काच 'आली' किंवा 'बसवली' आहे, त्यांनाच मेसेज जायला हवा होता. गेला सगळ्यांना. एरर काही आली नाही. गिऱ्हाइकांची यादी तपासली, ती बरोबर आहे.

कासवने लगेच दाखवून दिलं. माझी ती 'किंवा'ची ओळ माणसाला कळते, पण मशीन तिचा अर्थ 'काहीही असलं तरी पाठव' असाच घेतं. दोन्ही वेळा पूर्ण अट लिहायची: काच 'आली' असेल, किंवा काच 'बसवली' असेल. मी तसं केलं आणि प्रोग्राम सरळ चालला. आत्याचा जीव भांड्यात पडला, माझाही. मी आभार मानले. कासवने लिहिलं, "तुमचा दुसरा प्रश्न फार सुंदर होता." प्रश्नाला सुंदर म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता... कबूल करते, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

मग माझे प्रश्न वाढत गेले. एकच गोष्ट बदलून पाहायची, मग दुसरी. एरर आली तर तिच्यातला एक शब्दही न गाळता द्यायची. मोठ्या प्रोग्राममधलं नको ते सगळं कापत जायचं, चूक तेवढी उरेपर्यंत. हे सगळं तो न कंटाळता सांगायचा. मधूनच मी काहीतरी आगाऊपणा करायचे, तो त्याला तिरकस उत्तर द्यायचा, आणि लगोलग 'हेडमास्तर' यायचे. हे त्या फोरमचे व्यवस्थापक. 'गप्पा नकोत' असं लिहून ते आमची थट्टामस्करी पुसून टाकत. खाजगी निरोपाची सोयच तिथे नव्हती.

वाट कासवनेच काढली. प्रोग्राममध्ये # असं चिन्ह टाकून लिहिलेली ओळ मशीन वाचत नाही. ती कॉमेंट, माणसांनी माणसांसाठी लिहायची. एकदा मी पाठवलेल्या कोडमध्ये सहज एक कॉमेंट राहून गेली होती: '# आज गर्दी फार, जेवण राहिलंय.' कासवने कोड दुरुस्त करून पाठवला. प्रश्नाचं उत्तर कोरडं, मास्तरी. पण माझ्या ओळीखाली एक नवी ओळ होती.

'# आधी जेवा.'

मी जेवले, आणि कुणाच्या सांगण्यावरून ते आत्यालाही सांगितलं. त्यानंतर तर काय, माझ्या प्रत्येक प्रोग्रामात चार ओळी मशीनसाठी आणि एक ओळ त्याच्यासाठी. तो एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात कॉम्प्युटर सांभाळतो, हे मला अशाच एका ओळीतून कळलं. आमचं दुकान कुठल्या शहरात आहे आणि मी खिडकीत उभी राहून जांभया देते, हे त्याला. एके दिवशी मी लिहिलं, '# बाहेर इतकं धुकं, की नदीवरचा पूल दिसत नाहीये.' उत्तरात आलं, '# मी आत्ताच वर जाऊन पाहिलं. आमच्या बाजूनेही दिसत नाहीये.'

म्हणजे एकाच शहरात... एकाच नदीच्या दोन काठांवर. मी त्या दिवशी एका आजीबाईंना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लावला आणि वर त्यांनाच विचारलं, छान दिसतंय ना? आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "तुझेच डोळे तपासायला हवेत," म्हणाली.

पण नीट विचारायला शिकण्यात एक धोका असतो, तो मला कुणी सांगितला नव्हता. मी प्रश्न लिहायला बसायचे, काय हवं, काय झालं, काय करून पाहिलं, आणि नको ते कापता कापता चूक समोर यायची. प्रश्न पाठवायच्या आधीच संपायचा. माझा प्रोग्राम तर आता इतका शहाण्यासारखा चालत होता, की आत्या शेजारच्या दुकानदारांना बोलावून दाखवायची. मी मात्र रडकुंडीला आले होते. प्रश्न नाही म्हणजे कोड नाही. कोड नाही म्हणजे कॉमेंट नाही. आणि 'भेटूया का' असं सरळ विचारायची माझी छाती होत नव्हती. त्याला नको असेल तर? तो फक्त शिकवत असेल तर?

म्हणून मी एक चूक तयार केली. चष्मा मिळायच्या तारखेत दिवस आणि महिना यांची अदलाबदल करून ठेवली. काही तारखा बरोबर येतात, काही भलत्याच, आणि कळत नाही का. मग शिकले होते तसा रीतसर प्रश्न लिहिला आणि आत एक कॉमेंट घातली: '# फार दिवस बोलणं नाही...'

कासवच्या आधी भलतंच कोणीतरी धावून आलं. फोरमवर 'आजोबा' नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते, उतारवयात हौसेने शिकणारे. त्यांनी अख्खी संध्याकाळ घालवली. माझा कोड स्वतःकडे चालवला, तारखांचा तक्ता केला, दोनदा चुकले, दोनदा माफी मागून पुन्हा आले. ते वाचताना माझे कान लाल झाले. शेवटी कासव आला. त्याने उत्तर असं लिहिलंच नाही. माझा कोड परत पाठवला, आणि त्या उलट्या ओळीखाली लिहिलं होतं:

'# ही चूक झालेली नाही, केलेली आहे. मागच्या वेळी पाठवलेल्या कोडमध्ये हीच ओळ तुम्ही बरोबर लिहिली होती.'

बस्स. त्यानंतर कासव फोरमवर दिसेनासा झाला.

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सकाळी मी सर्वांना दिसेल असं लिहिलं, की चूक मी मुद्दाम केली होती, आणि आजोबांचा वेळ फुकट घालवला त्याबद्दल त्यांची माफी मागते. आजोबांनी लिहिलं, "फुकट कसा? मला तारखा आल्या. पण पोरी, परत असं करू नकोस." हेडमास्तरांनी सक्त ताकीद दिली. हे सगळं मला मान्य होतं. ज्याची बोलणी मी आनंदाने खाल्ली असती, तो मात्र काहीच बोलत नव्हता.

दिवस गेले. मी वाट बघत राहिले आणि नुसती वाट बघवेना, म्हणून नवख्यांना उत्तरं द्यायला लागले. कोणी 'काहीच होत नाही' एवढंच लिहून मोकळं व्हायचं, मी शांतपणे विचारायचे, नक्की काय व्हायला हवं होतं? कोणाला रडू कोसळलेलं कळायचं, त्याला आधी धीर द्यायचे. कासव माझ्याशी किती मऊपणाने वागला होता, हे मला तेव्हा नीट कळलं. आणि आपलं त्याच्यावर प्रेम आहे, हेही. नाव माहीत नसलेल्या, डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसावर. हसायचं तर हसा.

मग एका दुपारी, मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवत असताना मोबाईल वाजला. फोरमवर नवा प्रश्न. विचारणारा: कासव.

"हा माझा इथला पहिलाच प्रश्न. तो प्रोग्रामबद्दल नाही आणि मला तो कॉमेंटमध्ये लपवायचाही नाही. कोरी पाटी यांनी मुद्दाम चूक केली, ती मी सर्वांसमोर दाखवली आणि निघून गेलो. खरं तर मलाच तोंड उरलं नव्हतं. पहिलं सोडून त्यांना दिलेल्या प्रत्येक उत्तरातली शेवटची पायरी मी मुद्दाम गाळत होतो, म्हणजे त्यांना पुन्हा विचारावं लागेल. त्यांनी एकदा केलं ते मी रोज करत होतो. मला त्या फार आवडतात. पण मी आजवर नुसती उत्तरं दिली, मागायची वेळ आली की माझं पाऊल पुढे पडत नाही. अशा माणसाने काय करावं?"

मी पान खाली सरकवलं. खाली भराभर उत्तरं येत होती. एका नवख्याने अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की आतापर्यंत काय करून पाहिलंत? कासवने लिहिलं होतं, "गप्प बसून पाहिलं. त्याने काही होत नाही." आजोबांनी हेडमास्तरांना हात जोडले होते, की एवढं एक राहू द्या.

हेडमास्तर आले. "प्रश्न विषयाला सोडून आहे. संध्याकाळी काढून टाकण्यात येईल." आमची एक ओळ क्षणभर न ठेवणारा तो माणूस, त्याने संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला होता.

आत्या कधी मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, सगळं वाचलं.

"तुला वेळेवर जेवायला लावणारा तो हाच का?"

मी मान डोलावली. डोळे भरून आले होते.

"मग लिही की. गिऱ्हाईक मी बघते."

मी टाइप केलं, पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. सगळा फोरम बघत होता. खुर्चीतलं गिऱ्हाईकही फ्रेममधून माझ्याकडे वळलं होतं. शेवटी मी लिहिलं:

"फार लांबवलंत. एवढंच विचारायचं असतं: 'भेटाल का?'"

पानावर काही हलेना. कुणी मध्ये बोलेना. हेडमास्तरही नाहीत. नावाला शोभेल असा वेळ लावला त्याने... मग एक ओळ उमटली.

"भेटाल का?"

मी लिहिलं, "हो."