तीन नंबरचे कापड

“माझ्या पत्नीचा हात चोरीला गेला आहे,” असे सांगून निवृत्त ग्रंथपाल खुर्चीच्या कडेवर बसले.

टंकलेखकाची पेन्सिल थांबली. सर्वेक्षकाने मात्र भुवईही उचलली नाही. तीस वर्षे त्याने विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. आता तो खासगी तपास करी. विमा कंपनीच्या कचेरीतला जुना टंकलेखक, पगार नसतानाही, टिपणे घ्यायला येई. दोघांच्याही घरी वाट पाहणारे कोणी नव्हते. त्यामुळे काम लवकर आटोपण्याची घाई दोघांनाही नसे.

ग्रंथपालांची हकिगत सरळ होती. पत्नी परिचारिका. हात धुऊन धुऊन कातडी फाटे, म्हणून ती तळव्यांना सतत मलम चोळी. त्यांची हिरवी मोटार तीच चालवी आणि आरशासारखी लखलखीत ठेवी. ग्रंथपाल शेजारी बसत. पिशवीत चावी शोधताना तिचा एक हात रोज चालकाच्या बाजूच्या पुढच्या मडगार्डावर, एकाच जागी टेके.

ती गेली आणि ग्रंथपालांनी शेडला कुलूप घातले. नऊ वर्षांत रंग वाळून खडूसारखा पांढुरका झाला.

“पाचव्या-सहाव्या वर्षी ते दिसू लागलं,” ते म्हणाले. “सगळीकडे पांढरं, आणि तिथे मात्र हिरवा तळवा. अंगठा नाही, चारच बोटं. तिचं मलम रंगात मुरलं होतं.”

मागच्या महिन्यात त्यांनी गाडी मूळ रंग उजळून देणाऱ्या कार्यशाळेत दिली. नवा रंग मारायचा नाही आणि हाताभोवतीची वीतभर पांढुरकी जागा तशीच सोडायची, असे मालकाला तोंडी बजावले. गाडी चकचकीत होऊन परत आली, हात नव्हता. तिथे मुळात काही नव्हतेच, असे मालक म्हणाला.

“एकटा माणूस, भास होतात, असं शेजारीही म्हणतात. तसं असेल तर तसं सांगा. पण तपासून सांगा.”

शेडमध्ये सर्वेक्षक गाडीभोवती दोनदा फिरला. मडगार्डाच्या कडेला बोल्टची रांग होती. गंजलेल्या टोकांवर पान्याचे ताजे, पांढरे ओरखडे होते. दुसऱ्या बाजूच्या बोल्टांवर जुनी धूळ तशीच होती. फळीवर वेष्टनातली एक नवी पाटी पडली होती: शिकाऊ चालक.

“सत्तरी ओलांडल्यावर?” टंकलेखक पुटपुटला.

“लिहून घ्या,” सर्वेक्षक म्हणाला.

कार्यशाळेच्या मालकाने हात झटकले. निरोप कारागिराला दिला होता, पुढचे तो जाणे. पण कामाच्या चिठ्ठीवर मालकाच्याच अक्षरात दोन शब्द होते: पूर्ण गाडी.

कारागीर साठीचा, मोजके बोलणारा. त्याची एक शिस्त होती. गाडीच्या प्रत्येक भागाला वेगळे कापड, कापडावर पेन्सिलीने नंबर, आणि काम झाल्यावर महिनाभर ती कापडे तारेवर. कुठून किती रंग निघाला, याचा तेवढा एकच पुरावा राहतो, असे त्याचे म्हणणे. हिरव्या गाडीची बारा कापडे अजून लटकत होती. अकरा शेवाळासारखी हिरवी. तीन नंबरचे, त्या मडगार्डाचे, जवळजवळ पांढरे. पण पॉलिश सुकून पापडासारखे कडक झालेले.

“म्हणजे निरोप पोचला होता,” टंकलेखक खुशीत म्हणाला. “यांनी तिथे घासलंच नाही.”

सर्वेक्षकाने कापड नखाने वाजवून दाखवले. “न घासता एवढं पॉलिश कसं लागलं?”

कारागीर खाली पाहत एवढेच म्हणाला, “तो हात मी पुसला नाही. मुलांची शपथ.”

शेवटची भेट ग्रंथपालांच्या मुलीची. त्यांच्या घरचे दुसरे माणूस ती एकच. त्याच शहरात, दोन बस बदलून जावे एवढ्या अंतरावर, ती चष्म्याच्या दुकानात काचा घासत असे. पॉलिश करताना गाडीच्या मडगार्डाचे नुकसान झाले, एवढेच सर्वेक्षकाने सांगितले.

“आई गेली त्या आठवड्यात बाबांनी शेडला कुलूप लावलं,” ती म्हणाली. “तिची एकही वस्तू मला दिली नाही. तेव्हापासून ना ती गाडी पाहिली, ना त्यांना.” काच उजेडात धरून तिने पुढे विचारले, “चार बोटांसाठी ते एवढे हळवे झाले? माणसांसाठी कधी झाले नाहीत.”

परतताना टंकलेखकाने मालकावर पैज लावली. “निरोप विसरला आणि आता हात वर करतोय. त्याच्याशिवाय दुसरं कोण?”

“निरोप तो विसरलाच. पण विसरणारा माणूस बोल्ट काढत बसत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवी गाडी कार्यशाळेत उभी होती. भोवती चौघे: ग्रंथपाल, मालक, कारागीर आणि मुलगी. बापलेकींच्या मध्ये अख्खे बॉनेट होते.

“पहिली गोष्ट,” सर्वेक्षक ग्रंथपालांकडे वळला. “तुम्हाला भास झालेला नाही. हात होता. आणि तो पुसला गेलेला नाही.”

त्याने तीन नंबरचे कापड बॉनेटवर पसरले.

“या गाडीच्या मूळ रंगावर पारदर्शक थर नाही. तो घासला की थोडा रंग कापडावर उतरतोच. अकरा कापडं तेच सांगतात. तीन नंबर घासूनही पांढरं राहिलं, कारण त्या मडगार्डावर नवा रंग आणि वर पारदर्शक थर आहे. हे मडगार्ड या गाडीचं नव्हे. बोल्टांवरचे ओरखडेही तेच सांगतात.”

कारागिराने मान खाली घातली.

“भंगारातून दुसरं आणून, रंगवून बसवणं यांनाच जमलं असतं. आणि परक्या मडगार्डालाही नंबर घालून कापड जपून ठेवणं, हेही यांनाच. चिठ्ठीत लिहिलं होतं पूर्ण गाडी. जागा सोडायची आहे, हे मालकांनी सांगितलंच नाही. म्हणजे हुकुमाप्रमाणे तो हात घासून काढायचा होता. यांचा हात धजला नाही.”

“निरोप राहून गेला,” मालक ओशाळून म्हणाला. “कामाच्या गडबडीत.”

“पण मग मडगार्ड गेलं कुणाकडे? बाई, तुम्ही म्हणालात, आई गेल्यापासून गाडी पाहिली नाही. आई होती तोवर गाडी आरशासारखी होती. हिरव्यावर हिरवा हात कुणाला दिसणार? भोवतीचा रंग पांढरा पडल्यावरच तो दिसू लागला. मी बोटांचा उल्लेख केला नव्हता. तुम्ही केलात, आणि नेमकी चार.”

मुलीने बॉनेटवरचे कापड हातात घेतले. मग तुटक सांगू लागली. बसमधून कार्यशाळेच्या दारात गाडी दिसली, म्हणून ती उतरली. जुनी गाडी कोणी उजळून घेतो ते विकायलाच, असे तिला वाटले. मडगार्डावर आईचा हात दिसला. कारागीर म्हणाला, उद्या हा पुसावा लागेल. तिने त्याच्या विनवण्या केल्या. मडगार्ड आता तिच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते.

“मला वाटलं, तिचा हातसुद्धा विकताय,” ती म्हणाली.

सर्वेक्षकाने खिशातून ती शिकाऊ चालकाची पाटी काढून बॉनेटवर ठेवली.

“तुमच्या शेडमधून न विचारता आणली, माफ करा. विकणारा माणूस ही घेत नाही. कुठे जायचं होतं तुम्हाला?”

“दोन बस बदलणं आता झेपत नाही,” ग्रंथपाल पाटीकडे पाहत म्हणाले. “म्हटलं, हिच्या दारात जायचं तर हिच्या आईच्या गाडीतून जावं. आणि ती अशी पांढरी पडलेली कशी न्यायची? दोष माझाच दिसला असता.”

मुलीने पाटी उचलून वेष्टन फाडले.

“कोण शिकवतंय?”

“अजून कुणी नाही.”

संध्याकाळपर्यंत जुने मडगार्ड जागेवर बसले. कारागिराने नवे कापड घेतले, त्यावर तीनचा आकडा घातला आणि हाताभोवतीची वीतभर पांढुरकी जागा सोडून बाकीचे घासत राहिला. कापड हिरवे होत गेले.

मग किल्ली आली. ग्रंथपाल सवयीने पलीकडे जाऊन शेजारच्या सीटचे दार उघडू लागले.

“बाबा, तिकडे नाही,” चालकाच्या बाजूचे दार उघडत मुलगी म्हणाली. “इकडून बसा.”

ते वळसा घालून आले. आत बसण्याआधी आधारासाठी त्यांनी मडगार्डावर हात टेकला. हिरव्या बोटांच्या शेजारी, त्यांना धक्का न लावता.