मीठमोहरीची पिवळी रेघ

ठिपके दोन होते आणि आई त्यांतल्या एकातच होती. मंगळाहून परतणाऱ्या तिच्या यानाचा रेडिओ परवा बंद पडला, तेव्हापासून ऋजुताच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नियंत्रणकक्षही यान शोधतच होता. जुन्नरजवळच्या टेकडीवर आजोबांच्या घरात त्यांची स्वतःची दुर्बीण होती. आयुष्यभर ताऱ्यांचा अभ्यास केलेले आजोबा दिवेलागणीलाच नातीला घेऊन तिथे बसले. दुर्बिणीतला एक ठिपका लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारा खडक) होता आणि एक यान. दिसायला दोन्ही सारखेच.

आजोबांनी पहिल्या ठिपक्याचा वर्णपट (प्रकाशातल्या रंगांचा पट्टा) पडद्यावर घेतला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग, आणि मधूनमधून बारीक काळ्या रेघा. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपले ठरावीक रंगच देतं, आणि ताऱ्याच्या बाहेरच्या थरात असलं तर नेमके तेच रंग गिळतं, असं त्यांनी समजावलं. ताऱ्यावर न जाता त्यात काय काय आहे ते अशा रेघांवरूनच कळतं. या रेघा तर सूर्याच्या होत्या. म्हणजे हा ठिपका उसन्या उजेडावर मिरवणारा खडक.

दुसऱ्या ठिपक्यात, पहिल्याची एक काळी रेघ जिथे होती जवळपास तिथेच, झगझगीत पिवळी रेघ निघाली. रेडिओ गेला तर यानावर पिवळा उजेड देणारा सोडियमचा मोठा दिवा लावायचा, असा नियम होता.

“ही आई,” ऋजुता म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “पण येतेय की भरकटलीय?”

ते कळायला तुलनेसाठी शेजारी जमिनीवरच्या, स्थिर सोडियमची रेघ हवी होती. आजोबांनी कपाटातून जुना स्पिरिटचा दिवा आणि मिठाची बरणी काढली. मिठात सोडियम असतंच. घरात जाळ करायला बंदी आहे, असं बंड्या यंत्रमानव बजावू लागला, तेव्हा आजोबांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं.

आजोबांच्या लहानपणी त्यांची आई मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकायची आणि जाळ पिवळा व्हायचा. दृष्टच पिवळी असते, अशी त्यांची पक्की समजूत. कॉलेजात मिठाचा वर्णपट पाहिल्यावर ते खरं कारण सांगायला धावत घरी गेले. “असेना का सोडियम,” ती म्हणाली, “जळली ना दृष्ट?” आता ती नव्हती, चूलही नव्हती. हे सांगताना आजोबांना तिची फार आठवण आली.

ऋजुताने बंड्याकडून मोहरीही मागवली. मूठ पडद्यावरच्या ठिपक्यावरून ओवाळली, इडापिडा टळो म्हटलं आणि वर्णपट काढणाऱ्या यंत्राच्या फटीसमोरच्या ज्योतीत टाकली. मोहरी तडतडली, ज्योत पिवळी झाली. पडद्यावर यानाच्या रेघेच्या वरच्या बाजूला दुसरी पिवळी रेघ उमटली.

“दिवा दूर जात असेल तर त्याची रेघ तांबड्याकडे सरकते,” आजोबा हळूच म्हणाले. “आपल्याकडे येत असेल तर निळ्याकडे. बघ तूच. माझा चष्मा धुरकटलाय.”

ऋजुताने पडद्याला नाक लावलं. यानाची रेघ केसभर सरकलेली होती.

“निळ्याकडे आहे, आजोबा.”

आजोबांनी लगेच नियंत्रणकक्षाला कळवलं. ऋजुताने बंड्याला भात लावायला सांगितलं, आणि उद्या खिडकीतून दिसणारा लाल तारा कशाचा बनलाय ते बघायचं, असंही ठरवून टाकलं. तिला कडकडून भूक लागली होती.