सावरकोंडाची उठवण

भादव्यातली गोष्ट. मी पोलादपूरच्या बाजारात सुकट आणायला गेले होते. विकणाऱ्या बाईशी भांडून मूठभर जास्तीची पदरात पाडली आणि घरी आले, तर दाराची कडी उघडी. शेगडीवर चहाचं आधण आटून भांडं काळंठिक्कर पडलेलं. ललिता घरात नव्हती. तिची चप्पल मात्र उंबऱ्याशी जोडीनं नीट लावलेली होती.

ललिता माझी धाकटी बहीण. तिचा मुलगा सुहास महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, दिवसभर तिच्याकडे बघायला घरात कोणी नाही, म्हणून तिला माझ्याकडे आणून ठेवलेली. उन्हाळ्यापासून तिचं डोकं मागं मागं चाललं होतं. आधी नातवंडांची नावं गेली, मग नवऱ्याचं तोंड, आणि एक दिवस तिनं पोटच्या पोरालाच विचारलं, "तू कोनाचा रे बाबा?" तेव्हापासून तिला एकच ओढ होती. जुना सावरकोंड, आमचं माहेर. उमरठच्या एसटीत बसायची, वाटेत उतरायची आणि डोंगर चढायची. दोनदा गुराख्यांनी तिला खाली आणलं होतं. दुसऱ्या वेळी छाती भरली, दवाखान्यात ठेवावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, आता परत भिजल्या तर माझ्या हातात काही राहणार नाही." सुहास म्हणाला, "मावशी, आता कुलूपच घालायला हवं." माझ्या बहिणीला कुलूप! मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण तो चुकीचं सांगत नव्हता, तेही मला कळत होतं.

सुकट तशीच ओट्यावर टाकली आणि स्टँडवर गेले. गणूची रिक्षा उभी होती.

"गणू, चल. सावरकोंड."

"आता? धुकं बघा की आजी. नव्या सावरकोंडात सोडतो. वर मी येनार नाय."

"वर तुला कोण बोलावतंय? एवढ्या मिशा राखल्यास, त्या काय भाड्यानं आणल्यास?"

"मिशा हायत म्हनूनच जपतो." त्यानं रिक्षा चालू केली. थोडं पुढं गेल्यावर आरशात माझ्याकडे न बघता म्हणाला, "माजी आय सांगायची, दुपारच्या टायमाला वर पोरी खेळतात. वस्ती नाय, चूल नाय, पन खेळतात."

"खेळू देत. तुझ्या आयला कधी खेळायला मिळालं नाय, म्हणून तिला खुपलं."

तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

सावरकोंडाचा इतिहास सांगायला पुरुष भारी हौशी. कोणी वाट फोडली, कोणी काठीनं वाघ हाकलला, देवळाचा खांब कोणी खांद्यावरून आणला. ऐकत बसलं की वाटतं, त्या वाडीत भाकऱ्या झाडाला लागत होत्या. बाईचं नाव एक नाही. तेव्हा उरलेला इतिहास मी सांगते. डोंगराला भेग पडली आणि वाडी खाली सडकेजवळ आणायचं ठरलं, तेव्हा आम्ही दोघी सासरी नांदत होतो. आमच्या लोकांत वस्ती हलवताना उठवण करतात. वाडीतला सगळ्यात जाणता माणूस प्रत्येक घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि घरातल्या एकेकाला नावानं बोलावतो. "चल रे अमक्या, हितली वस्ती उठली." ज्याचं नाव येईल त्यानं ओ द्यायची नाही, गुपचूप उंबरा ओलांडायचा आणि मागं बघायचं नाही. सगळे बाहेर आले की उंबरा उपटून खांद्यावर घ्यायचा, तोच नव्या घराला बसवायचा. जे गडी मुंबईला गोदीत होते त्यांनाही बोलावलं, त्यांच्या नावाचे नारळ खाली आणले. गुरांनाही नावानं हाका मारल्या. मेलेल्यांना बोलावलं, त्यांचे देव्हाऱ्यातले टाक आणले. भिकाजी म्हातारा बोलावत होता. आईनं त्याला म्हटलं, "माज्या दोन पोरी?" तर तो म्हणाला, "दिलेल्या लेकी त्या. त्यांचा उंबरा दुसरा."

आई हे सांगायची तेव्हा मला नुसता राग यायचा. त्यात भिण्यासारखं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

गणूनं मला पायवाटेच्या तोंडाशी उतरवलं. म्हणाला, "हितंच थांबतो." आणि खरंच थांबला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

वर चढताना आधी ओढ्याचा आवाज सोबतीला होता. मग धुकं इतकं दाटलं की आवाजही भिजल्यासारखा जड झाला आणि मागं पडला. तेरड्याची झुडपं अंगाला घासत होती. पायाखाली शेवाळ. दुपार टळली नव्हती, तरी उजेड राखेच्या पाण्यासारखा. मी हाका मारत होते, "ललिते! ललिते गो!" आणि हाक चार पावलांवर जाऊन पडत होती.

वाडीच्या जरा खाली मला वास आला. शेणीच्या धुराचा. त्यात नाचणीची भाकरी भाजल्याचा वास. तिथं पन्नास वर्षांत कोणी चूल पेटवलेली नाही. तिथं आता आहेत ती नुसती जोती, दगडाचे चौथरे, आणि त्यांवर गुडघाभर गवत.

मग हसणं ऐकू आलं.

हसणारी एक नव्हती. इकडून एक, तिकडून दोन... आणि ते पोरींचं हसणं होतं, तोंडावर हात दाबून हसतात तसं.

आमच्या जोत्यावर ललिता बसली होती. पाय खाली सोडलेले, लुगडं चिंब, ओठ निळे. हातात सागरगोटे. तिनं एक वर उडवला, खालचे गोळा केले, वरचा झेलला. मग हात मांडीवर ठेवून थांबली. आणि समोरच्या मोकळ्या दगडावर गोट्यांचा आवाज झाला... खट, खट, खट... जणू समोरची आपला डाव खेळत होती.

"ललिते."

तिनं वर बघितलं. डोळे स्वच्छ. ते बघूनच मी जास्त घाबरले.

"आक्का, कवाची वाट बघतोय आमी. तुजी पाळी गेली ना."

"आमी कोन गो?"

"सगळ्या हायत." तिनं हनुवटीनं चहूकडे दाखवलं. "गोदी हाय, चंद्री हाय, वरल्या घरची सोनी. हितंच हायत ना. आमाला कोनी बोलावलंच नाय."

हे ती तक्रारीनं बोलली नाही. "आज पाऊस हाय" असं म्हणावं, तसं म्हणाली. आमच्यासारख्याच वाडीतून दिलेल्या लेकी ह्या. गोदीला मरून वीस वर्षं झाली होती, सोनी पहिल्या बाळंतपणात गेली. चंद्री अजून महाडला आहे, तिच्या सुनेच्या हातचा चहा मी गेल्या महिन्यात प्यायले. जिवंत चंद्री महाडला, आणि तिचं काहीतरी इथं... गवतात लपून हसतंय.

मी भ्याले, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खालून दुसरं काहीतरी उसळलं. भिकाजी मरून गेला, त्याची हाडं सावित्री नदीत गेली, तरी मी त्याला तिथं उभी राहून आईबहिणीवरून शिव्या दिल्या. गुरांनासुद्धा नावानं हाका मारून नेलं मेल्यानं, आणि पोरींना ठेवलं!

"ललिते, तू बस तिथंच," मी म्हटलं, आणि जिथं कधी काळी आमचा उंबरा होता त्या फटीसमोर जाऊन उभी राहिले. बाईनं उठवण केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. नसेल. मी पदर खोचला.

"चल गो ललिते, हितली वस्ती उठली."

ती सागरगोटे तसेच ठेवून उठली. फटीतून खाली उतरली. पाऊल गवतात पडलं मात्र, आणि थंडीनं तिचे दात वाजायला लागले.

"अगो आक्का... मी हितं कशी? माझी चप्पल कुठाय? आणि सुहास पाळीवर गेला का गो? त्याचा डबा..."

सुहास! उन्हाळ्यापासून पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडी आलं होतं. मी तिला पदराखाली घेतलं आणि दोघी उभ्या राहून रडलो. तिला पुरतं काही कळत नव्हतं आणि मला फार कळत होतं.

तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. ती भिजलेली होती, डॉक्टरीणबाईचे शब्द कानात होते. पण बाकीच्यांना ठेवून? मग माझ्यात आणि भिकाजीत फरक काय? मी तिच्या अंगावर माझी शाल टाकली आणि जोत्याजोत्यांसमोर जाऊन उभी राहिले. चल गो गोदे. चल गो चंद्रे. चल गो सोने. प्रत्येक नावाला गवत हललं. काहीतरी ओलं, गार, माझ्या कोपराला घासून पुढं गेलं, खोबरेल तेलाचा वास मागं ठेवून. शेवटी हसणं थांबलं. धूर गेला. ओढ्याचा आवाज परत आला.

"झालं," मी म्हटलं. "चल."

ललिता हलली नाही. "आक्का, आणि तुला?"

"मला काय?"

"तूपन दिलेलीच लेक ना गो. तुला कोन बोलावनार?"

आपलं नाव आपण घेऊन चालत नाही, दुसऱ्यानंच बोलवावं लागतं. "तू बोलाव," मी म्हटलं.

"तुजं नाव कसं घेऊ? तू मोठी."

"घे. मी सांगतेय ना."

ती फटीसमोर उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं माझं नाव घेतलं, तेही इतक्या हळू, की तिची तिलाच लाज वाटली असावी.

"चल गो भागू... हितली वस्ती उठली."

गवत हललं नाही.

ओ द्यायची नसते. आतून ओ आलीही नाही. आतून आलं ते उत्तर होतं. पातळ, पण खणखणीत, कोणाला न जुमानणारा आवाज. आई माझ्याबद्दल म्हणायची, ह्या पोरीचा आवाज म्हणजे कोयत्याची धार.

"मी नाय येत."

ललितेनं माझा हात घट्ट धरला.

"ह्ये घर माजं हाय. मी कशाला जाऊ?" मग थोडा वेळ नुसतं धुकं. "तिलाच सांग... तूच ये म्हनावं."

खरं सांगू? भीतीच्या आधी मला अभिमान वाटला. तो एक क्षणच. पुढचं मला तुटक आठवतं. ललिता मला ओढत होती. शेवाळ, तेरडा, ओढा. गणूच्या रिक्षातली टॉवेलची ऊब. त्यानं एक शब्द विचारला नाही, आणि भाडं घ्यायलाही थांबला नाही.

ललितेला ताप आला, चार दिवसांत उतरला. आता ती ठणठणीत आहे. नातवंडांना नावानं हाका मारते, फोनवर सुहासला झापते. चंद्रीच्या सुनेचा निरोप आला की सासूबाई हल्ली शांत झोपतात. म्हणजे चांगलंच झालं म्हणायचं.

पण मला एका जागी बसवत नाही. दुपार झाली की मी पडवीतून परसात, परसातून पडवीत. वाचायला घेतलेला पेपर तसाच हातात राहतो. परवा शेजारची गौतमी म्हणाली, "आजी, तुम्ही गाणं छान म्हणता." मी गात होते हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी मी ललितेला विचारलं, "उतरताना तू मागं बघितलंस का?"

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"एकदाच," ती म्हणाली.

"काय दिसलं?"

"जोत्यावर एक म्हातारी बसली व्हती. डोक्यावर तुज्याच लुगड्याचा पदर. लेक सासरी धाडताना करतात तसा हात करत व्हती आमाला."

"कोण म्हातारी?"

तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून, दिव्याची वात बघतात तसं. तव्यावरची भाकरी काढली, तुकडा मोडला, फुंकर घालून निववला आणि माझ्या हातात दिला.

"खा गो भागू," ती म्हणाली. "गरम हाय, सांभाळून."

त्या दिवसापासून ती मला आक्का म्हणत नाही.