दुसरी वीणा

हे घडलेलं आहे. त्या दुपारी मांडवात बसलेलं कुणीही गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून सांगेल.

रात्रीची गोष्ट नाही. गेल्या माघातली, भर उन्हातली, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंदिरापुढली.

आमच्या आळीतली स्नेहल पुण्यात आकाशाचा अभ्यास करते. तिचा विषय असा, की ऐकताना कीर्तनातला विश्वरूपाचा प्रसंग आठवावा. शेकडो आकाशगंगांचा एक थवा तशाच दुसऱ्या थव्यावर आदळतो. मधला वायू इतका तापतो की क्ष-किरणांत झळाळतो; ते अवकाशातल्या दुर्बिणीतून दिसतं. आणि त्या धक्क्याने कडेला कधीचे विझून गेलेले कण पुन्हा पेटतात. ते रेडिओ दुर्बिणीत कमानीसारखे उमटतात.

विझलेलं पुन्हा पेटतं...

अशा एका टकरीत स्नेहलला एक कमान सापडली होती. ठळक, रेखीव.

पण क्ष-किरणांच्या चित्रात त्या जागी काहीच नव्हतं. वायू नाही, धग नाही. नुसता काळोख.

कमान खरी ठरली तर तिचं नाव झालं असतं. खोटी ठरली तर तीन वर्षं पाण्यात, वर लबाडीचा शिक्का.

तिचे मार्गदर्शक हर्षल सर स्पष्टच म्हणाले होते, "तुमच्याच भागातला खरखराट असणार. डोंगरापलीकडेच तर आपली रेडिओ दुर्बीण आहे. जनरेटर, भोंगे... आधी तपासून ये."

म्हणून ती ऐन सप्ताहात गावी आली. हातात धरायचा अँटेना आणि त्याला जोडलेला रिसिव्हर घेऊन.

सप्ताहात आमच्याकडे वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दुपारचा पहारा स्नेहलच्या आजोबांचा, रंभाजी आप्पांचा. त्या वेळी मांडवात चार म्हातारे, पेंगणारे टाळकरी आणि आप्पांच्या बोटाखालची ती एक तार.

पहिल्याच दुपारी भोंग्यातून गुंजारव आला.

बारीक. एकसुरी.

त्याच क्षणी स्नेहलचा रिसिव्हर खरखरला.

"प्रवीणदादा, हा आवाज तुझ्या मशीनचा आहे."

साऊंडवाला प्रवीण भडकला. "आली का भोंगा बंद करायला! पोलीस परवडले, पर तू नको."

भाजी निवडणाऱ्या बनाबाई तिकडून ओरडल्या, "अगं, देवाच्या नावाची खरखर वाटती व्हय तुला? आन तुझं मशीन काय अभंग म्हनतंय?"

सगळे हसले. स्नेहलही हसली. पण नजर प्रवीणवरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फक्त... जरा लवकर.

तिसऱ्या दिवशी आणखी लवकर.

आता मात्र ती घड्याळ लावून बसली. रोज चार मिनिटं आधी.



जनरेटर दोनला लागत असेल तर रोज दोनलाच लागेल. माणसाच्या वस्तू घड्याळाने चालतात. रोज चार मिनिटं आधी उगवतात ते फक्त तारे. आणि गुंजारव सुरू व्हायचा तेव्हाच तिची ती आकाशातली टक्कर क्षितिजावर यायची.

हे प्रवीणला कुठून ठाऊक असणार?

हर्षल सरांना मात्र ठाऊक होतं.

तिने प्रवीणला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग. हर्षल सरांचा फोन आलता ना तुला?"

"कोन हर्षल? टाकळीचा मांडववाला?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचाच चेहरा उतरला होता. "स्नेहल, कालपासून मी त्या टायमाला मशीन बंदच ठेवतोय गं. कुनाला बोललो न्हाई..."

सहाव्या दुपारी तिने सगळं बंद करायला लावलं. जनरेटर. डीपीवरून गावची लाईट. सगळ्यांचे मोबाईल. प्रवीणने भोंग्याची वायर उपसून सगळ्यांसमोर हातात धरली.

मांडव एकदम शांत.

आप्पांची तार तेवढी वाजत होती.

वेळ झाली...

रिसिव्हर खरखरला.

आणि वायर उपसलेल्या भोंग्यातून तो गुंजारव आला.

एक टाळकरी उठून चालता झाला. बनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

आप्पांनी कान दिला. मग आपलं बोट तारेवरून उचललं.

आवाज थांबला नाही.

"ही आपली न्हाई," आप्पा हलकेच म्हणाले. "दुसरी वीणा हाय. ऐका... बोट थकलंय त्येचं. लई येळ उभं हाय कुनीतरी. पहारा बदलायला आलंच न्हाई कुनी."

"आप्पा, काहीतरीच काय!" स्नेहलचा आवाज फाटला.

आप्पांनी गळ्यातली वीणा पुढच्या पहाऱ्याच्या सहादेवच्या गळ्यात घातली, त्याच्या पाया पडले. मग भोंग्याखाली गेले. तिथे कुणीच नव्हतं. तरी वाकले, समोरच्या मातीला हात लावला, कपाळाला लावला.

उभे राहिले. मान खाली घातली. वीणा घेताना घालतात तशी.

स्नेहल धावली... पण तोवर आवाज थांबला होता.

रिसिव्हरही गप्प.

दुसऱ्या दिवशी काला झाला. काही वाजलं नाही. आप्पा पोटभर जेवले. पांडुरंगाने निभावलं, असंच आम्ही सगळे म्हणालो.

महिनाभराने हर्षल सरांनी आकाशाचा तोच तुकडा स्वतः पुन्हा तपासला.

कमान नव्हती.

फिकी झाली, सरकली, असंही नाही. नव्हतीच. लाखो वर्षांत न विझणारी गोष्ट महिन्यात विझत नाही, त्यामुळे सरांनी एकच अर्थ काढला. "गावचा खरखराट तू आकाशाचा म्हणून खपवत होतीस. ती कमान काढ, उरलेला प्रबंध लिही आणि मोकळी हो."

तिने वाद घातला नाही.

कारण घरी आप्पा रोज उठून ओट्यावर उभे राहत होते. मान वाकलेली. उजव्या हाताचं पहिलं बोट छातीपाशी हलत असलेलं. माघात दुपारी. चैत्रात सकाळी. रोज थोडं आधी. पहाऱ्याइतके तास झाले की गुपचूप आत येऊन चहा मागतात. डॉक्टरांना काही सापडत नाही. पण आप्पांच्या मानेवर, जिथे वीणेचा पट्टा बसतो, तिथे काळा वळ उठलाय.

परवा तिने हात धरला. "आप्पा, बसा की खाली."

"बदली आल्याबिगर बसत्यात व्हय?"

"कोण येणारे बदलीला?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मायेनं.

"तुझं लिवून हुं दे आधी," ते म्हणाले. "घाई न्हाई. मी उभा हाय."

प्रबंधाचं एकच प्रकरण राहिलंय. स्नेहल रोज लिहायला बसते, आणि लिहिलेलं रोज पुसून टाकते.