ए. ब्रांडिस यांचा शेरा

“ही ए. ब्रांडिस म्हणजे कोण म्हातारी आहे, सांगाल का?”

कारखान्याच्या पायऱ्यांवर चीजचा पाव खात बसलेल्या एल्केने मान वर केली. समोर एक किडकिडीत तरुण उभा होता. पावसाने निथळणारा चामडी कोट, काखेत रेकॉर्डचा खोका, चेहरा भलताच दुखावलेला.

“का हो?”

“बहिरी आहे ती.”

“मीच ती,” एल्के म्हणाली, आणि तोंडातला घास तिने मुद्दाम सावकाश चावला.

जर्मनीतल्या वुपरटाल गावच्या त्या कारखान्यात रेकॉर्ड छापल्या जात. साल होतं १९८२. प्रत्येक रेकॉर्डची पहिली प्रत एल्के हेडफोन लावून ऐकायची आणि कुठे खरखर, कुठे घरघर, ते मिनिटासकट लिहून खाली सही करायची. डेटलेफ योस्टची रेकॉर्ड तिने तीनदा नापास केली होती. तिसऱ्या मिनिटाला घरघर. सातव्या मिनिटाला कुणीतरी बादली पाडली.

“बादली मुद्दाम आहे,” डेटलेफ म्हणाला. “घरघरही. सगळंच मुद्दाम आहे.”

एल्केने कपाळाला हात लावला. संगीत म्हणून पत्रे घासणारी ही मंडळी हल्ली गावोगाव उगवलीत, हे तिच्या कानावर आलं होतं. पण त्यातला एक असा दारात येऊन उभा राहील, असं वाटलं नव्हतं. मुद्दाम केलेल्या आवाजांची यादी लिहून आणा, असं सांगून तिने त्याला वाटेला लावलं. ब्याद टळली, असं तिला वाटलं… तर हा दुसऱ्या दिवशी एकोणीस पानं घेऊन हजर.

हेडफोन एकच होता. त्याचा एक कान तिने धरला, दुसरा त्याने. त्याच्या ओल्या केसांना यंत्राच्या तेलाचा वास येत होता, आणि आपण तो वास घेतोय याचाच तिला राग येत होता. तेराव्या मिनिटाला एक बारीक शिट्टी ऐकू आली. ती यादीत नव्हती. डेटलेफ हरखलाच, राहू दे ना ती, म्हणून मागे लागला. ती आमच्या यंत्राची चूक आहे, एल्केने ठणकावलं, माझ्या सहीने ती बाहेर जाणार नाही. पाच वाजेपर्यंत वाद चालला. जाताना तो दारात रेंगाळला.

“तुमच्याशी भांडायला मजा येते,” तो म्हणाला. “माझ्या रेकॉर्डची मागची बाजू ऐकण्यापेक्षा जास्त.”

“तिच्यापेक्षा जास्त मजा यायला काय लागतं?” ती म्हणाली. घरी जाताना मात्र बसच्या काचेत तिला स्वतःचं हसू दिसलं, आणि ती आणखीच वैतागली.

हिवाळाभर तो कसल्या ना कसल्या निमित्ताने येत राहिला. एका रविवारी दुपारी त्याने तिला एका बंद पडलेल्या तरणतलावात आपला कार्यक्रम ऐकायला बोलावलं. कोरड्या तळाशी तो सिमेंट कालवायचं यंत्र फिरवत होता, पत्रे बडवत होता. बावीस श्रोते होते, त्यातले नऊ मधेच उठून गेले. उरलेल्या मित्रांनी त्याला मिठ्या मारल्या, महान म्हटलं. मग तो तिच्यापाशी आला.

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“चार मिनिटं छान होती,” एल्के म्हणाली. “पत्रा खाली ठेवून तुम्ही नुसत्या बोटांनी भिंत वाजवलीत ना, तेव्हा. बाकीचा वेळ तुम्ही घाबरला होतात… आवाजामागे लपला होतात.”

आठ वर्षं तो हे करत होता. लोक एक तर उठून जात, नाही तर मिठी मारत. त्यानंतर पंधरा दिवस तो फिरकलाच नाही. एल्के त्याच्यावर चिडली, स्वतःच्या जिभेवर चिडली, आणि एका निष्पाप वाद्यवृंदाची रेकॉर्ड तिने उगाचच नापास केली.

मार्चमध्ये तो आला तो हॅम्बुर्गच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र घेऊन. जरा ठेका धरता येईल अशी गाणी करा, आम्ही सगळीकडे पोचवू, असं त्यात होतं. काय करू, म्हणून त्याने विचारलं. जाऊ नका, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, छपाई चांगली होईल तिथे. तो मान हलवून निघून गेला. एका बादलीसाठी तासन्‌तास भांडणारा माणूस, आणि इथे एका शब्दाने भांडला नाही!

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी, तो बसथांब्यावर तिची वाट पाहत उभा होता.

“हॅम्बुर्गला नाही म्हणालो.”

“माझ्यामुळे?” एल्केचा आवाज चढला. “उद्या पस्तावलात तर खापर माझ्यावर?”

“छे. त्यांनी त्यांची चाल ऐकवली, ती भिकार होती. म्हणून नाही म्हणालो.” तो अडखळला. “इथे आलोय ते मात्र… तुमच्यामुळे. ते वेगळं — म्हणजे, मला असं —”

आठ वर्षं पत्रे बडवले, आणि आता तोंडातून दोन शब्द फुटेनात. एल्केला असह्य झालं. तिने त्याचा हातच धरला. थंडगार हात, बोटांवर पत्र्याने कापल्याच्या बारीक रेघा.

“डेटलेफ, मला तू आवडतोस,” ती म्हणाली. “आता लवकर बोल, माझी बस आली.”

“तूही,” तो म्हणाला. मग जरा दम घेऊन, “मला… फार.”

बसचं दार उघडलं. चढणार की नाही, ड्रायव्हरने कंटाळून विचारलं.

“तुझं घर चालत किती लांब आहे?” डेटलेफने विचारलं.

“चाळीस मिनिटं. सगळा चढ आहे.”

“उरलेलं बोलायला पुरतील ना?”

“तुला? कठीण आहे,” ती म्हणाली, आणि तिने हातानेच बसला पुढे जायची खूण केली.